सेकंड लाइफमध्ये पीबीआर आल्यापासून एफपीएस पडतात, घरात अंधार होतो, टेक्स्चर धूसर होतात: कारण कसं शोधायचं

२०२३ च्या अखेरीस सेकंड लाइफ या आभासी जगाच्या अधिकृत व्ह्यूअरमध्ये, म्हणजे ते जग दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, पीबीआर (वस्तूंवर प्रकाश खऱ्यासारखा पडावा यासाठीची चित्रणपद्धत) आलं आणि २०२४ च्या मध्यावर ते फायरस्टॉर्म या दुसऱ्या व्ह्यूअरमध्येही पोहोचलं. तेव्हापासून तीन तक्रारी काही थांबत नाहीत. व्ह्यूअर अपडेट केला आणि एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) अर्ध्यावर आले. भर दुपारचं आकाश लावूनही घराच्या आत काळोख असतो. कपड्यांवरची आणि भिंतींवरची टेक्स्चर (पृष्ठभागावर लावलेली चित्रं) स्पष्ट होतात, मग धूसर होतात, पुन्हा स्पष्ट होतात आणि हे चालूच राहतं. यावर सल्ला बहुतेक वेळा एकच मिळतो: कॅश (आधी उतरवून डिस्कवर साठवलेली माहिती) साफ करा, व्ह्यूअर काढून पुन्हा टाका. त्याने दोन दिवस बरं वाटतं आणि मग सगळं पुन्हा पहिल्यासारखं होतं.

या तिन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत. एफपीएसचा संबंध प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाच्या कामाशी आहे, धूसर टेक्स्चरचा व्हीरॅमशी, म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीशी, आणि अंधाराचा तर तुमच्या संगणकाशी अनेकदा काहीच संबंध नसतो. तो ते घर कसं बांधलंय यावर ठरतो. म्हणून दहा सेटिंगं एकदम खाली ओढण्याआधी आपली तक्रार यातली नेमकी कुठली आहे ते तपासा. सगळं एकदम ‘लो’वर नेलं की जग भकास दिसतं, आणि नेमकी अडचण कशात होती ते शेवटपर्यंत कळत नाही.

बदललं काय

सेकंड लाइफ जून २००३ मध्ये सुरू झालं. तिथलं जवळपास सगळं, म्हणजे घरं, कपडे, केस, झाडं, रहिवाशांनी बनवलेलं आहे. वीस वर्षांत त्यात थर साचत गेले: २०११ मध्ये मेश (बाहेर बनवून आणलेले त्रिमितीय आकार), २०१३ मध्ये नॉर्मल आणि स्पेक्युलर मॅप (उठाव आणि चकाकी दाखवणारी चित्रं), २०२० मध्ये नवी आकाशं आणि पाणी. या सगळ्या काळात एक पळवाट कायम उघडी होती. प्रेफरन्सेसमध्ये ‘ॲडव्हान्स्ड लायटिंग मॉडेल’ नावाची खूण होती. ती काढली की व्ह्यूअर जुन्या, साध्या पद्धतीने चित्र काढायचा. त्यात आसपासचे जेमतेम सहा दिवे दिसायचे, सावल्या नव्हत्या, पण दहा वर्षं जुन्या लॅपटॉपवरही जग चालायचं.

पीबीआरबरोबर ही पळवाट बंद झाली. ती खूणच आता नाही. प्रकाशाची नवी पद्धत सगळ्यांसाठी कायमची चालू आहे. ज्यांनी इतकी वर्षं ती खूण काढून ठेवली होती त्यांना एका अपडेटमध्ये एकदम जड व्ह्यूअर मिळाला, आणि सर्वांत मोठा फटकाही त्यांनाच बसला. ज्यांच्याकडे ती आधीपासून चालू होती त्यांना फरक कमी जाणवला, काहींना तर एफपीएस थोडे वाढलेलेही दिसले. एकाच अपडेटबद्दल दोन माणसं अगदी उलट का बोलतात याचं बरचसं उत्तर इथे आहे.

नव्या पद्धतीत व्ह्यूअर आधी प्रत्येक पिक्सेलची माहिती वेगवेगळ्या थरांत साठवतो: रंग काय, पृष्ठभाग कुठल्या दिशेला वळलेला, किती खडबडीत, धातू आहे की नाही, स्वतः उजळतो का. मग त्या माहितीवर एकदाच प्रकाशाचा हिशेब करतो. दिवे कितीही असले तरी चालतात, हा मोठा फायदा. पण या कामाचं ओझं पडद्यावरच्या पिक्सेलच्या संख्येवर ठरतं आणि ते प्रत्येक फ्रेमला उचलावंच लागतं. रिकाम्या मैदानात उभे राहिलात तरी त्यातून सुटका नाही.

साध्या व्हिडिओ गेममध्ये हाच पीबीआर असतो, मग तो एवढा जड का वाटत नाही? कारण गेमच्या कलाकारांना खोलीत काय असेल ते आधीच माहीत असतं. ते प्रकाशाचा बराचसा हिशेब महिनोन्महिने आधी करून ठेवतात, टेक्स्चरचं बजेट ठरवतात, जे दिसणार नाही ते कापून टाकतात. सेकंड लाइफमध्ये तुमच्या दिवाणखान्यात पुढच्या क्षणी कोण येईल, त्याने काय घातलं असेल, भिंत कोण हलवेल, हे कुणालाच माहीत नसतं. सगळा हिशेब तिथल्या तिथे, तुमच्याच यंत्रावर होतो. हे मोकळेपण टिकवायचं तर त्याची किंमत तुमचा लॅपटॉप मोजणार. मला ही किंमत मान्य आहे. सगळं आधीच ठरवून ठेवलेलं आभासी जग मला नको आहे. पण ती कुणाकडून आणि किती घेतली जाते हे उघड बोललं गेलं पाहिजे, आणि जुन्या यंत्रावरच्या माणसाला ‘नवा संगणक घ्या’ एवढंच सांगून वाटेला लावू नये.

लॅग तुमच्याकडे आहे की सर्व्हरकडे?

कंट्रोल+शिफ्ट+१ दाबलं की आकडेवारीची पट्टी उघडते. त्यातले चार आकडे बघा: एफपीएस, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ), सिम एफपीएस (सर्व्हरचा वेग) आणि टाइम डायलेशन (सर्व्हर किती मागे पडतोय ते).

सिम एफपीएस ४५ च्या आसपास आणि टाइम डायलेशन १ च्या जवळ असेल तर सर्व्हर ठीक आहे. हे आकडे पडलेले असतील तर तुमचं ग्राफिक्स सेटिंग कितीही बदललंत तरी चालताना तुमचा अवतार (त्या जगातली तुमची आकृती) मागे खेचला जाणारच; दुसऱ्या रीजनमध्ये (जमिनीच्या तुकड्यात) जा किंवा थांबा. पिंगच्या बाबतीत आपली एक कायमची अडचण आहे. सेकंड लाइफचे सर्व्हर अमेरिकेच्या पश्चिम भागात, ओरेगॉनमध्ये आहेत. पुण्या-मुंबईहून तिथे जाऊन परत यायला पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो आणि तो कुठल्याही ग्राफिक्स कार्डाने कमी होत नाही. दार उघडायला उशीर, नाचाचा ताल चुकणं, क्लिक केल्यावर मेनू उशिरा येणं, ही सगळी पिंगची लक्षणं. कॅमेरा फिरवताना चित्र तुकड्यातुकड्याने सरकत असेल तर मात्र तो रेंडरिंगचा, म्हणजे चित्र काढण्याचा, लॅग. कॅमेरा तुमच्याच यंत्रावर फिरतो, त्याचा सर्व्हरशी संबंध नाही. एवढ्या एका चाचणीत निम्मे गैरसमज दूर होतात.

वेळेचंही लक्षात असू द्या. सेकंड लाइफचं घड्याळ कॅलिफोर्नियाचं आहे, उन्हाळ्यात आपल्या साडेबारा तास मागे आणि हिवाळ्यात साडेतेरा. तिथली संध्याकाळची गर्दी आपल्याकडे सकाळी दिसते. ‘सकाळी अडखळतं, दुपारी नीट चालतं’ असं असेल तर व्ह्यूअरपेक्षा गर्दीवर संशय घ्या.

सगळ्यांत आधी बघायची गोष्ट: व्ह्यूअर कुठलं कार्ड वापरतोय?

ज्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसरमधलं अंगभूत ग्राफिक्स आणि वेगळं एनव्हिडिया किंवा एएमडी कार्ड, असे दोन्ही असतात, तिथे व्ह्यूअर अनेकदा अंगभूत ग्राफिक्सवरच चालतो. पैसे मोजून घेतलेलं कार्ड नुसतं बसून राहतं. पूर्वी जुन्या पद्धतीत हे लपून जायचं, आता लपत नाही.

हेल्प मेनूतला ‘अबाउट’ उघडा. तिथे ग्राफिक्स कार्डाचं नाव लिहिलेलं असतं. इंटेलचं नाव दिसलं आणि तुमच्याकडे एनव्हिडिया असेल तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग डिस्प्ले, मग ग्राफिक्स असं जा, व्ह्यूअरची फाइल यादीत घाला आणि ‘हाय परफॉर्मन्स’ निवडा. व्ह्यूअर बंद करून पुन्हा उघडा आणि ‘अबाउट’मध्ये नाव बदललं की नाही ते बघा. व्ह्यूअरची नवी आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये बसली तर ही निवड पुन्हा करावी लागते. ‘अपडेट केलं आणि बिघडलं’ या तक्रारीमागे कित्येकदा एवढंच असतं.

त्याच बैठकीत अँटिव्हायरसमध्ये व्ह्यूअरच्या फाइल्स आणि कॅशचं फोल्डर वगळून टाका. प्रत्येक टेक्स्चर डिस्कवर लिहिताना अँटिव्हायरस ते तपासत बसला की नव्या जागी पोहोचल्यावर चित्र गचके खातं. कॅश साफ करणं याच्या बरोबर उलट काम करतं. तुम्ही जमवलेलं सगळं फेकून देता आणि तेच पुन्हा उतरवत बसता. कॅश खरोखर खराब झालेली असेल तेव्हाच ती साफ करावी, एरवी तिला हात लावू नये.

एफपीएस पडतात: पिक्सेल जड की गर्दी जड?

व्ह्यूअरची खिडकी लहान करा, पडद्याच्या साधारण पाव भागाएवढी. एफपीएस बघा.

आकडा एकदम वर गेला तर ग्राफिक्स कार्ड पिक्सेलच्या ओझ्याखाली आहे. फारसा हलला नाही तर अडचण प्रोसेसरकडे आहे. वस्तू आणि अवतार मोजून कार्डाकडे पाठवता पाठवता तोच दमतोय. सेकंड लाइफचा व्ह्यूअर यातलं बरचसं काम प्रोसेसरच्या एकाच मुख्य धाग्यावर (थ्रेडवर) करतो. म्हणून सोळा कोअरचा महागडा प्रोसेसरही भरलेल्या क्लबमध्ये हतबल होतो. या दोन प्रकारांचे उपाय वेगळे आहेत आणि ही चाचणी केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पिक्सेल जड असतील तर पहिला प्रश्न पडद्याचा. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, फोर-के पडद्यावर ८२.९ लाख, म्हणजे चौपट काम. फोर-केवर मधल्या दर्जाचं कार्ड असेल तर खिडकी लहान ठेवणं किंवा रिझोल्यूशन उतरवणं हा सगळ्यांत परिणामकारक उपाय आहे. त्यानंतर स्क्रीन स्पेस रिफ्लेक्शन्स (पडद्यावर दिसणाऱ्या गोष्टींची प्रतिबिंबं) बंद करा. ते महाग आहे आणि त्याचा उपयोग थोड्याच जागी दिसतो. अँबियंट ऑक्लुजन बंद केलंत तर कोपऱ्यांतली मऊ सावली जाते, पण चित्र फार बिघडत नाही. डेप्थ ऑफ फील्ड (मागचं-पुढचं धूसर करणारा परिणाम) फोटो काढतानाच चालू करा.

आरसे हा नवा प्रकार आहे. आरशात दिसणारं दृश्य व्ह्यूअरला पूर्णपणे वेगळं काढावं लागतं, म्हणून एका वेळी एकच आरसा जिवंत राहतो. कपडे बदलताना आरसा चालू करा, एरवी बंद.

प्रोसेसर जड असेल तर बहुधा अवतार कारणीभूत असतात. कंट्रोल+ऑल्ट+शिफ्ट+४ दाबलं की सगळे अवतार तुमच्यापुरते दिसेनासे होतात. पुन्हा दाबलं की परत येतात. गर्दीत हे करून एफपीएस किती उडी मारतात ते बघा. उडी मोठी असेल तर सावल्या, प्रतिबिंबं, झाडं यांच्या मागे लागू नका; दोषी सापडला. ‘इम्प्रूव्ह ग्राफिक्स स्पीड’ या पॅनेलमध्ये जवळचे अवतार कोण किती वेळ खातोय त्या क्रमाने दिसतात. तिथून सर्वांत जड दोघा-तिघांना न काढण्याची सूचना व्ह्यूअरला द्या, किंवा पूर्ण तपशिलात दिसणाऱ्या अवतारांची कमाल संख्या आठ-दहावर आणा. जवळचे पूर्ण दिसतात, लांबचे सपाट चित्रासारखे, आणि संभाषणात काही उणं पडत नाही. त्या यादीत स्वतःचं नावही असतं, तेही बघा. केसांच्या बटा, लेस, पापण्या यांत अर्धपारदर्शक टेक्स्चर खच्चून भरलेली असतात आणि नवी पद्धत अशा पृष्ठभागांना आपल्या मुख्य हिशेबात घेऊ शकत नाही. त्यांना मागून पुढे अशा क्रमाने लावून वेगळं काढावं लागतं. अशी अर्धपारदर्शक टेक्स्चर कुठे आहेत हे कंट्रोल+ऑल्ट+टी दाबलं की लाल रंगात दिसतं. एकदा आपल्याच अंगावर करून बघा.

सावल्यांचं ओझं दोन्हीकडे पडतं. सूर्याची सावली काढायची तर तेच दृश्य सूर्याच्या बाजूने पुन्हा काढावं लागतं, तेही जवळच्या आणि लांबच्या टप्प्यांसाठी वेगवेगळं. प्रोजेक्टर (झोत टाकणाऱ्या) दिव्यांच्या सावल्या चालू केल्या की त्यात आणखी भर. ‘सन/मून + प्रोजेक्टर्स’वरून ‘सन/मून’वर या, आणि तरी भागत नसेल तर ‘नन’. नवी प्रकाशपद्धत चालू राहिली तरी सावल्या बंद ठेवता येतात, हे पुष्कळांना माहीत नाही.

ड्रॉ डिस्टन्सबद्दल, म्हणजे किती मीटरपर्यंतच्या वस्तू काढायच्या याबद्दल, माझा आग्रह आहे. एक रीजन २५६ बाय २५६ मीटरचा असतो आणि लोक सवयीने ड्रॉ डिस्टन्सही २५६ ठेवतात. तो ६४ केलात तर तुमच्याभोवतीच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ सोळाव्या हिश्श्यावर येतं. घरात, दुकानात, गप्पांच्या कट्ट्यावर ६४ पुरतं. समुद्रात बोट चालवताना किंवा विमानात तो वाढवा. कायमचा एकच आकडा ठेवण्यापेक्षा दोन ग्राफिक्स प्रीसेट (साठवलेल्या सेटिंगांचे संच) करून ठेवा, एक घरातला आणि एक बाहेरचा, आणि गरजेप्रमाणे बदला.

राहिला रिफ्लेक्शन प्रोब, म्हणजे प्रतिबिंबांसाठी आसपासचं चित्र टिपणारी अदृश्य जागा. ‘रिफ्लेक्शन कव्हरेज’ हे सेटिंग ‘फुल सीन’वर असेल तर व्ह्यूअर स्वतःहून ठिकठिकाणी प्रोब मांडतो आणि प्रत्येकासाठी सहा दिशांची चित्रं काढत राहतो. ते ‘मॅन्युअल ओन्ली’वर आणा. ‘रिफ्लेक्शन डिटेल’ ‘स्टॅटिक ओन्ली’वर ठेवा, ‘रिअलटाइम’ फक्त चित्रीकरणासाठी. कव्हरेज पूर्ण बंद मात्र करू नका. का ते अंधाराच्या भागात येईल.

टेक्स्चर स्पष्ट-धूसर होत राहतात

हे व्हीरॅम भरल्याचं लक्षण आहे. जागा संपली की व्ह्यूअर काही टेक्स्चर खालच्या दर्जाला उतरवतो, त्याने जागा मोकळी होते, मग तो पुन्हा वरचा दर्जा आणतो, पुन्हा जागा संपते. कंट्रोल+शिफ्ट+३ ने टेक्स्चरचा कन्सोल उघडतो. त्यातला ‘बायस’ हा आकडा चढत राहिला तर व्ह्यूअर दर्जा उतरवून तग धरतोय असं समजा.

एवढी जागा जाते कुठे ते मोजूनच दाखवतो. १०२४ बाय १०२४ चं एक टेक्स्चर इंटरनेटवरून येताना आकसलेलं असतं, पण कार्डात उलगडल्यावर प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे एकूण ४ एमबी घेतं. लांबून बघण्यासाठीच्या लहान प्रती धरून साधारण ५.३ एमबी. जुन्या पद्धतीत पुष्कळ वस्तूंना एकच टेक्स्चर असायचं. पीबीआर मटेरियलमध्ये (पृष्ठभाग कसा दिसावा हे ठरवणाऱ्या संचात) चार असू शकतात: मूळ रंग, नॉर्मल, स्वयंप्रकाश, आणि चौथं ज्याच्या लाल वाहिनीत खाचांमधली सावली, हिरव्यात खडबडीतपणा आणि निळ्यात धातूपणा भरलेला असतो. ही मांडणी ग्लटीएफ २.० या खुल्या प्रमाणातून आलेली आहे. तीन प्रकारची माहिती एका चित्रात बसवणं हीसुद्धा बचतच आहे, तरी चारही भरली तर एका मटेरियलचे २१ एमबी होतात.

आता एका अवताराच्या अंगावर अशी २० मटेरियल धरा. ४२५ एमबी. खोलीत असे दहा अवतार असले की ४ जीबीचं कार्ड संपलं, आणि अजून खोलीच्या भिंतीही आलेल्या नाहीत. व्ह्यूअर लांबच्या वस्तूंना लहान प्रती वापरतो म्हणून प्रत्यक्षात आकडा यापेक्षा कमी असतो, पण दिशा हीच. त्यात २०२४ पासून २०४८ बाय २०४८ ची टेक्स्चर चढवता येऊ लागली. तेच चार टेक्स्चरचं मटेरियल मग ८५ एमबीवर जातं. शर्टाच्या बटणाला २०४८ चं टेक्स्चर लावणारे महाभाग आहेत, आणि त्याचा भुर्दंड त्या खोलीतल्या प्रत्येकाला पडतो.

तुमच्या हातात काय आहे? पहिलं, ब्राउझर बंद करा. वीस टॅब उघडे असलेला क्रोम कार्डातली बरीच जागा अडवतो. प्रेफरन्सेसमध्ये मीडिया आपोआप चालू होणं बंद ठेवा. भिंतीवरचा टीव्ही म्हणजे आत चालणारा आणखी एक ब्राउझर आहे. दुसरं, ग्राफिक्सच्या हार्डवेअर सेटिंगांत टेक्स्चर कॉम्प्रेशनची खूण असते. ती केल्यावर टेक्स्चर कार्डात आकसलेल्या रूपातच राहतात. बारकाईने बघितलं तर रंगांच्या छटांमध्ये थोडी खडी दिसते, पण २ ते ४ जीबीच्या कार्डावर तो सौदा मी डोळे झाकून करेन. तिसरं, ड्रॉ डिस्टन्स आणि अवतारांची संख्या. वर सांगितलेले दोन्ही उपाय इथेही लागू पडतात.

अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची व्हीरॅम नसते, ते मुख्य रॅममधून वाटा घेतं. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर विंडोज, ब्राउझर आणि सेकंड लाइफ एकत्र नांदणं कठीण आहे. १६ जीबी करण्याची सोय असेल तर नव्या लॅपटॉपचा विचार करण्याआधी ती करून बघा.

घरात अंधार, धातू काळाठिक्कर

धातूला स्वतःचा असा पसरट रंग नसतो, तो जे आजूबाजूला आहे ते परावर्तित करतो. पीबीआर हे प्रामाणिकपणे पाळतं. पितळेच्या समईला परावर्तित करायला काहीच मिळालं नाही तर ती काळी दिसणार. प्रोबचं काम हेच: खोलीचं सहा बाजूंनी चित्र टिपायचं आणि आतल्या वस्तूंना ते पुरवायचं. म्हणून रिफ्लेक्शन कव्हरेज पूर्ण बंद केलं की चकचकीत वस्तू विचित्र दिसू लागतात. बंद खोलीतल्या पातेल्यात आकाश चमकतं, नाहीतर सगळं मेल्यासारखं सपाट होतं.

आधी आकाश तपासा. कंट्रोल+शिफ्ट+वाय ने दुपार लावा. अंधार गेला तर त्या जागेचं आकाश जुन्या पद्धतीसाठी बनवलेलं होतं. नव्या आकाशांत ‘रिफ्लेक्शन प्रोब अँबियन्स’ नावाचा आकडा असतो आणि जुन्यांत तो नसतो, त्यामुळे जुनी आकाशं नव्या व्ह्यूअरमध्ये मुळात होती तशी दिसतीलच असं नाही. गॅमा (चित्राचा एकूण उजळपणा) वाढवून हे झाकू नका. अंधार फिकट होतो आणि बाहेर पडल्यावर सगळं पांढुरकं होतं. उजेडातून आत शिरताना चित्र हळूहळू उजळत असेल तर तो बिघाड नाही; नवा व्ह्यूअर दृश्याच्या तेजाप्रमाणे एक्स्पोजर जुळवून घेतो.

घर तुमचं असेल तर खरा उपाय तुमच्याच हातात आहे आणि त्याला एकच प्रिम (सेकंड लाइफमधला बांधकामाचा साधा आकार) लागतो. खोलीच्या आतल्या मापाचा एक ठोकळा बनवा. भिंतींच्या आतल्या बाजूला तो नेमका टेकला पाहिजे, कारण प्रतिबिंब कुठे बसवायचं हे व्ह्यूअर त्या मापावरून ठरवतो. बिल्ड खिडकीतल्या ‘फीचर्स’ टॅबमध्ये ‘रिफ्लेक्शन प्रोब’ची खूण करा, प्रकार ‘बॉक्स’ निवडा. ठोकळा दिसेनासा होईल आणि त्यातून आरपार चालता येईल. ‘अँबियन्स’ शून्यापासून थोडा थोडा वाढवत खोलीतला उजेड पटेपर्यंत न्या. ‘डायनॅमिक’ला हात लावू नका, त्याने अवतारही प्रोबमध्ये येतात आणि तुमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या यंत्रावर ओझं पडतं. नंतर तो ठोकळा निवडता येत नसेल तर बिल्ड मेनूच्या पर्यायांत प्रोब निवडू देण्याची खूण आहे. एका खोलीला एक प्रोब. एल आकाराची खोली असेल तर दोन. अख्ख्या दोन मजली बंगल्याला मिळून एकच ठोकळा घातलात तर स्वयंपाकघरातल्या भांड्यांत दिवाणखाना दिसेल.

असा प्रोब असलेली खोली ‘मॅन्युअल ओन्ली’वर असलेल्या जुन्या लॅपटॉपलाही नीट दिसते. म्हणजे एका माणसाने दहा मिनिटं घालवली की तिथे येणाऱ्या प्रत्येकाचं काम हलकं होतं. जागांचे मालक आणि घरं विकणारे यांनी हे केलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

जुनी घरं मात्र एका बाबतीत अडचणीचीच राहणार. त्यांच्या टेक्स्चरमध्ये सावल्या रंगवलेल्या आहेत, छताखालचा काळोख भिंतीवरच काढलेला आहे. त्या काळी ती कारागिरी होती आणि कित्येक बिल्डरांनी ती फार सुंदर केली. आता खरा प्रकाश पडतो आणि सावलीवर सावली चढते. अशा घराला सावल्या बंद ठेवलेला वेगळा प्रीसेट करा. ते जसं बांधलं होतं तसं दिसण्याच्या सगळ्यांत जवळ त्यानेच जाता येतं.

पाण्यात घर दिसत नाही

पूर्वी पाण्यावर किनाऱ्यावरच्या घरांचं, झाडांचं स्पष्ट प्रतिबिंब पडायचं आणि त्यासाठी वेगळं सेटिंग होतं. पीबीआर व्ह्यूअरमध्ये ती व्यवस्थाच काढून टाकली. पाणी आता प्रोब आणि स्क्रीन स्पेस रिफ्लेक्शन्सवर चालतं. तुमचं काही चुकलेलं नाही, शोधत बसू नका. तळ्याकाठी राहणाऱ्यांचं हे खरं नुकसान आहे.

अर्ध्या तासाने अडखळायला लागतं

सुरुवातीला चाळीस एफपीएस आणि अर्ध्या तासाने वीस, जागा तीच, माणसं तीच. हा उष्णतेचा प्रश्न आहे. लॅपटॉप तापला की स्वतःचा वेग स्वतःच उतरवतो. एप्रिल-मे महिन्यात विदर्भात किंवा मराठवाड्यात पंख्याखाली बसून खेळणाऱ्याला हे नक्की भोगावं लागतं. एफपीएसवर ३० ची मर्यादा घाला. कार्ड सतत शर्थ करायचं थांबतं, तापमान उतरतं, आणि स्थिर ३० हे वर-खाली होणाऱ्या ४५ पेक्षा डोळ्यांना बरे वाटतात. गादीवर लॅपटॉप ठेवू नका, आणि दोन वर्षांत पंखा साफ केला नसेल तर करून घ्या.

जुन्याच व्ह्यूअरवर राहिलं तर?

ती आवृत्ती लॉगिन करू देते तोवर चालेल. पण नव्या वस्तूंत फक्त पीबीआर मटेरियल असलं आणि बनवणाऱ्याने जुन्या पद्धतीचं टेक्स्चर खाली ठेवलेलं नसलं तर ती वस्तू तुम्हाला कोरी पांढरी दिसणार. शिवाय फायरस्टॉर्म आपल्या जुन्या आवृत्त्या ठरावीक काळाने बंद करत जातं. वस्तू बनवणाऱ्यांना म्हणूनच विनंती आहे: पीबीआरच्या खाली एक साधं ५१२ चं टेक्स्चर ठेवा. आणि २०४८ वापरण्याआधी ती वस्तू पडद्यावर केवढी दिसणार आहे ते बघा.

मॅकवाल्यांची गाठ थोडी वेगळी आहे. व्ह्यूअर ओपनजीएलवर (ग्राफिक्स कार्डाकडून काम करून घेण्याच्या एका जुन्या प्रणालीवर) चालतो. ॲपलने २०१८ मध्येच ओपनजीएलला रामराम करायचं जाहीर केलं आणि त्यांच्याकडे ते ४.१ वरच थांबलेलं आहे. तरी एम मालिकेच्या मॅकवर पीबीआर ठीक चालतं. जुन्या इंटेल मॅकवर मात्र वरचे सगळे उपाय एकत्र लावूनही मर्यादा राहते, आणि रेटिना पडद्यावर पूर्ण रिझोल्यूशन वापरण्याची खूण काढणं हा तिथला सर्वांत मोठा फायदा.

यातलं सगळं करूनही अडलं तर मदत मागताना ‘अबाउट’मधली संपूर्ण माहिती उतरवून द्या. सोबत रीजनचं नाव, पिंग आणि सिम एफपीएस, खिडकी लहान केल्यावर आणि अवतार लपवल्यावर एफपीएस किती झाले ते दोन आकडे, आणि सावल्या, ड्रॉ डिस्टन्स, रिफ्लेक्शन कव्हरेज कशावर आहेत ते लिहा. एवढं समोर असलं की मदत करणाऱ्याला अंदाज बांधत बसावं लागत नाही.